रिकामी परत आलेली वाटी
शेजारच्या बाईंनी दिलेल्या सूपचा वाडगा आज धुवून पुसला आणि एकदम सोलापूर आठवलं. मी शाळेत असताना आमच्या माडीवर एक परदेशी बाई भाड्यानं राहायला आली होती, ज्वारीवर संशोधन करायला. ऐन उन्हाळ्यातही ती दार लावून बसायची, त्यामुळं आईला तिचा भरवसा वाटेना. तरी आईनं एकदा तिला लसणाची फोडणी दिलेली शेंगांची आमटी नेऊन दिली. वाटी परत आली ती लख्ख घासलेली, पण रिकामी. आई जिन्याकडं बघत म्हणाली, "रिकामं भांडं कोन परत देतं व्हय? चिमूटभर साखर तरी घालावी की. हिच्या मनात कायतरी हाय." मग आमटी बंद झाली, आणि वर पाऊल वाजलं की आई कान टवकारायची. आता संशोधनासाठी मीच परमुलखात आलोय. येण्याआधी विमा, कचरा, घरभाडं, सगळ्याच्या सूचना मिळाल्या. वाडगा कसा परत करायचा ते कुणी सांगितलं नाही. म्हणून मी त्यात चमचाभर साखर घातली आणि शेजारचं दार वाजवलं. बाईंनी ती पांढरी पूड निरखली, हुंगली, मग माझ्याकडं बघितलं. दार लागलं, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.