धामणीचा दाखला

आमच्या शाळेचे क्लार्क, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, रोज पेणहून येतात आणि डब्याच्या आधी पिशवीतून शिक्का काढतात. चहा नको असला तरी "निरंक" म्हणतात. मला त्यांच्या या कागदीपणाचा कंटाळाच यायचा.

नव्या वर्गखोल्यांसाठी शाळेमागची करवंदीची जाळी काढायचं ठरलं. तेव्हा वरून एक फॉर्म आला: जागेवर कोणते प्राणी-पक्षी आहेत, बांधकामानंतर त्यांचं काय होईल?

"निरंक लिहा आणि पाठवा," हेडसर म्हणाले.

भाऊंनी पेन उघडलं, खिडकीबाहेर बघितलं आणि पेन परत मिटलं. "निरंक कसं लिहू सर? धामण हाय, मुंगसाची जोडी हाय. भारद्वाज तर रोज प्रार्थनेला असतो."

"मग त्यांचं मी काय करू?" सर वैतागले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर शाळा सोडल्याचे चार दाखले होते, भाऊंच्या वळणदार अक्षरातले. वरचा मी वाचला. नाव: धामण. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: नवी इमारत.

सर खो खो हसले. मग खाली सहीची रिकामी जागा दिसली आणि त्यांचं हसू थांबलं.

भाऊंनी शिक्का फुंकून पुढे सरकवला. "करा सही. दाखल्याशिवाय शाळा सोडता येत नाय."

आठवडा झाला. सर आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टेप लावून बघतायत. दाखले बिनसहीचेच पडलेत, आणि धामण अजून आमच्या पटावर आहे.