पिंजऱ्यापाशी कोणी बोलायचं नाही!

सांगतो, पण आधी चहाचा घोट गिळून घ्या. मागच्या वेळी एकाच्या नाकातून आला होता!

आमचं शेत पाचोडजवळ. मका कणसावर आला, की रानडुकरांची वरातच उतरते. बांधाला जुन्या साड्या बांधल्या. सलूनमधले केस आणून टाकले, तर डुकरं त्यावरून चालत आली! शेवटी भोंगा आणला. उन्हावर चार्ज होणारा, अंधार पडला की आपोआप ओरडणारा. त्यात माझा आवाज भरला, तर आमचं कुत्रं शेपूट हलवत आलं! म्हणून मग बायकोचा, मंदाचा आवाज भरला आणि भोंगा लिंबाच्या झाडावर टांगला.

दुसऱ्याच दिवशी डुकरं धरायच्या पिंजऱ्याची माझी पाळी आली. गावात परवानगीचा पिंजरा एकच. बाजाराच्या दिवसापर्यंत माझ्याकडं, मग शेजारच्या शफीकभाईंकडं. मी हॉटेलात छाती ठोकली, "डुक्कर नाय धरलं तर मिशी उतरवीन!"

काय ती माझी तयारी! गूळ चोळलेली कणसं, उकडलेली रताळी. माणसाचा वास नको म्हणून बिनसाबणाची आंघोळ. आणि पिंजऱ्यापाशी बोलायला सक्त बंदी.

मंदा म्हणाली, "अवो, पण अंधार पडल्यावर..."

"शूऽऽ! डुकराचे कान लई तिखट असतात!"

"अवो, ऐका तर..."

"शूऽऽ!"

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, धाक बसला.

दिवस मावळायच्या आत आम्ही गावात, घरी. सकाळी बघावं तर पिंजरा रिकामा! रोज तेच. गूळ वाढवला, पिंजऱ्याचं तोंड फिरवलं, नारळ फोडला. डुकरं मात्र शफीकभाईंच्या मक्यात जेवून जायची. मला असा राग आला म्हणून सांगू!

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी शफीकभाई घरी आले. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "भाऊ, बुरा नका मानू. घरात काही झगडा झालाय का?"

"नाय बा. का?"

"वहिनी रोज अंधारात तुमच्या मक्यातनं ओरडतात, 'ये, तंगडंच मोडते तुझं!' तेबी अरे-तुरेवर! मी तर भीतीनं रानात पाणी द्यायला जायचं सोडलं."

अहो, मंदा तर आत भाकरी थापत होती! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पिंजऱ्यापाशी श्वासही जपून घेत होतो, आणि वर लिंबाच्या झाडावरून मंदा रात्रभर गरजत होती.

आता अंधारात डुकरांच्या वाटेवर भोंगा काढायला कोण जाणार? पाळी संपली. पिंजरा शफीकभाईंच्या रानात गेला आणि दुसऱ्या सकाळी आत हे एवढं डुक्कर! माझी मिशी भर चौकात उतरली. बघायला सगळं हॉटेल लोटलं. गंमत म्हणजे माझ्या मक्याचं एक कणीस गेलं नव्हतं, पण ते बघायला कोण येतंय?

तुळतुळीत तोंडानं घरी आलो. म्हटलं, "अगं, भोंगा चालू आहे म्हणून नीट सांगायचं तरी!"

मंदा हसून हसून खालीच बसली. "डुकराचे कान लई तिखट असतात, तुम्हीच म्हनले ना? त्यांनी एका सांजंला ऐकलं. तुमचे कान तसे कुठं!"