रकान्यात न बसणारी आई

चष्मेवाल्या बाईंचे पाय सोळाव्या वर्षी एका अपघातात गेले. म्हणजे होते जागच्या जागीच, फक्त कामातून निवृत्त झाले. पुढची तीस वर्षं बाई चाकाच्या खुर्चीत बसून अख्ख्या पेठेचे चष्मे दुरुस्त करत राहिल्या. त्यांच्यामुळे लोकांना सगळं स्वच्छ दिसायचं. बाईंकडे पाहताना मात्र त्याच लोकांना फक्त खुर्ची दिसायची.

एक दिवस त्यांनी ठरवलं, अनाथाश्रमातलं एखादं मूल घरी सांभाळायला आणायचं. दत्तक नव्हे, त्याची कायमची सोय होईपर्यंत. हे कळताच सात वर्षं दारात न फिरकलेला थोरला भाऊ काळजीने धावत आला.

"अगं, तुलाच कुणीतरी सांभाळायला हवं. तू कुणाला सांभाळणार?"

"मला कोण सांभाळतं, दादा? नाव सांग, निदान आभार तरी मानते."

दादांना अचानक महत्त्वाचं काम आठवलं.

बालकल्याण कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. 'अर्जदाराने स्वतः हजर राहावे' ही पाटी मात्र जिन्यापाशी, अगदी खुर्चीतून वाचता येईल अशा उंचीवर लावली होती. एवढी सोय पाहून बाईंना भरून आलं. त्यांनी शिपायाकरवी निरोप धाडला. तासाभराने अधिकारीबाई धापा टाकत खाली उतरल्या.

"मूल रस्त्यावर पळालं, तर तुम्ही धरणार कशा?"

"आधी तुम्ही दम घ्या," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "मग पळण्याचं बोलू."

चौदा महिने चौकशी चालली. शेवटी नऊ वर्षांची एक मुलगी आली, तीन घरांनी परत पाठवलेली. धडधाकट माणसांना झेपली नाही, म्हणून अपंग बाईकडे! सरकारी तर्काला तोड नाही.

चार दिवस मुलगी हाताच्या अंतरात आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या धक्क्याने भिंगांचा ट्रे खाली पडला. काचांचा चुरा झाला. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तुम्हाला उठता येत नाही ना?"

"नाही."

"मग मारायला पण येता येणार नाही."

बाईंनी हातातला चष्मा खाली ठेवला.

"चाकं आहेत की मला," त्या म्हणाल्या. "आले असते. पण मारायचंच नाहीये. झाडू कोपऱ्यात आहे. चपला घालून ये, काच लागेल."

मुलीने चपला घातल्या. झाडता झाडता ती खुर्चीपर्यंत आली आणि चाकाखालची काच हाताने वेचू लागली. बाईंनी हळूच खुर्ची मागे घेतली.

सहाव्या महिन्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. 'कायमची सोय' कार्यालय अजून शोधतंच आहे, आणि त्यांच्या कागदावर 'आई'चा रकाना रिकामाच आहे. मुलगी पंधरा वर्षांची झाली. शाळेतून तक्रार येते, पोरगी फार उलट बोलते. बाई मान खाली घालून ऐकून घेतात, आणि घरी आल्यावर तिने नेमकं काय उत्तर दिलं, ते दोनदा सांगायला लावतात.