चांगलं इंटेन्शन

आमच्या वाचनालयाने व्हीलचेअरसाठी नवा उतार बांधला, म्हणून मी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन गेले. कित्येक वर्षांनी ताई स्वतः पुस्तक निवडणार होती. उतार चढून वर गेलो, तर दारातच वीतभर उंच पायरी. खुर्ची तिथेच अडली. कार्यवाह आतून आले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "हे राहिलंच खरं. पण आमचं इंटेन्शन चांगलं होतं हो!"

मी खुर्ची वळवली आणि ताईला घेऊन परत निघाले. घरी येऊन रागारागाने शब्दकोश उघडला. हेतू, इरादा हे अर्थ ठाऊकच होते. मूळ लॅटिन निघालं आणि त्याचा अर्थ, एखाद्या गोष्टीकडे ताणणं. उंचावरचं फळ काढायला आपण टाचा उचलून हात लांबवतो, तसं. म्हणजे या शब्दाने खांदा दुखायला हवा! आणि आपण तो वापरतो काम बिघडल्यावर, हातसुद्धा न हलवता. माझंही इंटेन्शन चांगलंच होतं की. पण आदल्या दिवशी जाऊन दार बघून यायचं मला सुचलं नाही.

ताईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या परत जाऊ. तक्रारवही तरी बाहेर आणून देतील ना?"

दिली. ताईने ती मांडीवर घेऊन ठसठशीत अक्षरात लिहिलं, "तुमचं इंटेन्शन आत पोचलं. मी अजून दारातच आहे."