रिकामी अर्धी ढाल

ईडन प्रेरी गावात लेकीच्या होणाऱ्या सासरी आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा भिंतीवरची ती घराण्याच्या चिन्हांची लाकडी ढाल मला मुळीच आवडली नाही. वर सोनेरी लिली, खाली पांढऱ्यावर तिळासारखे काळे ठिपके, मधे तीन वेटोळ्यांचं चक्र. लिली फ्रान्सच्या राजांची, व्याही सांगत होते. ठिपके म्हणजे फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या मुंगसासारख्या एका पांढऱ्या प्राण्याच्या शेपटीची टोकं. अंग मळण्यापेक्षा तो मरण पत्करतो म्हणे. चक्र केल्टिक, त्यांच्या आजीच्या आयरिश माहेरचं.

मी मान डोलावली. पण जन्मभर डॉक्टरकी केलेली बाई पेशंट सांगेल ते सगळं खरं मानत नाही. घरी येऊन वाचत बसले. राजाची लिली ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसे. नुसतं आडनाव सारखं म्हणून ढाल आपली होत नाही. आडनाव बघून अशा ढाली विकणारे मात्र पुष्कळ. आणि ते चक्र तर आयर्लंडच्या दगडांवर केल्ट लोकांच्याही आधीपासून आहे. पाणी कुठे मुरतंय ते कळलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

"आणि आपण मोठ्याच्या लग्नात देवक म्हणून काय बांधलं?" नवरा म्हणाला. "डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातली प्लॅस्टिकची आंब्याची पानं."

आमच्या कुळाचं देवक कळंब. लग्नाआधी त्याची फांदी पुजायची असते. इथे परदेशात कळंब कुठून आणणार?

"ते वेगळं," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात लेकीने फोनवर लग्नपत्रिकेचा नमुना दाखवला. गणपतीखाली तीच ढाल. डावीकडे त्यांची लिली, ठिपके, चक्र, सगळं दाटीवाटीने. उजवा अर्धा भाग कोरा. माझं डोकंच फिरलं. उद्या ही आडनाव बदलणार, आणि आम्हाला आजपासूनच पुसून टाकलं!

"आई, प्लीज डोन्ट इंटरॉगेट देम," लेक म्हणाली.

रविवारी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेलेच. चहा यायच्या आधी विचारलं, "ही ढाल खरंच तुमच्या घराण्याची आहे का?"

व्याही हसले. "छे! वडिलांनी जत्रेत विकत घेतली. ते शेतमजूर. आम्हाला कोण राजा लिली देतोय?"

मी भांडायला आले होते. आता कशावरून भांडू ते कळेना. मग त्यांनी पत्रिकेचा कागद माझ्यापुढे सरकवला. जुनी रीत अशी, की दोन घराण्यांचं लग्न झालं की ढाल उभी दुभागतात. एक बाजू नवऱ्याच्या घरची, दुसरी बायकोच्या. "तुमची बाजू आम्ही कशी भरणार?" ते म्हणाले. "काय काढायचं ते तुम्हीच सांगा."

"कळंबाचं पान," मी ऐटीत म्हणाले.

"वा! कसं असतं? काढून दाखवा ना," म्हणत त्यांनी पेन्सिल दिली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरची ढाल बघत होता. लेक माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि कोऱ्या जागेकडे वाकून बघू लागली. मी पेन्सिल टेकवली. कळंब मी जन्मात कधी पाहिला नव्हता.