दम कुणाचा तुटला

आमच्या कॉलेजात मी समुपदेशन शिकवते आणि उरलेल्या वेळात खेळाडूंची मनं सांभाळते. ‘समुपदेशन’ हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडात बसत नाही, त्यामुळे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला ‘उपदेशवाल्या मॅडम’ म्हणतात. वेलनेस सेंटर म्हणून मला जी खोली मिळाली, ती मुळात खेळाच्या सामानाची. एका कोपऱ्यात भाले, दुसऱ्यात घामाचा वास मारणाऱ्या कबड्डीच्या मॅट, आणि मधे मी, मनःशांती घेऊन. दारावर प्राचार्यांनी हौसेने ‘येथे मन मोकळे करा’ अशी पाटी लावली. तिच्याखाली कुणीतरी खडूने ‘चपला बाहेर काढा’ असंही लिहून ठेवलंय.

आमच्या पट्ट्यात कबड्डी हा खेळ नाही, घराण्यात चालत आलेला आजार आहे. मुलींच्या संघातली आमची हुकमी चढाईपटू दिवेआगरकडची, नारळी-पोफळीच्या वाडीत राबणाऱ्या घरातली. गेल्या वर्षी तिला येताना बघून समोरच्या मुली मागच्या रेषेला चिकटायच्या. यंदा दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, ती चढाईला गेली की पंच शिट्टी मारायचे आणि दम तुटला म्हणून तिला बाद द्यायचे. विद्यापीठाच्या संघाची निवड माणगावला व्हायची होती. तिचं लग्न ठरलेलं. निवड झाली तर पदवीपर्यंत थांबू, नाहीतर मे महिन्यात मांडव घालू, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. तिला शिकायचं होतं, खेळायचं होतं, आणि मांडवाचं नाव काढलं की ती नखं कुरतडायची.

कबड्डीत दम म्हणजे एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहणं. मग काय, सगळे तिच्या दमावर तुटून पडले. क्रीडाशिक्षकांनी तिला भरपूर दम दिला, आणि वर किनाऱ्यावरच्या वाळूत पळवलं. प्राचार्य म्हणाले, जरा दम धरा. आईला वाटलं पोरीला दमाच झाला, म्हणून ती रोज अडुळशाचा काढा बाटलीत भरून पाठवू लागली. मी पडले शिकलेली, म्हणून मी स्पर्धेचा ताण असं निदान केलं. डोळे मीट, खोल श्वास घे, समोर शांत समुद्र आण, असं मी तिला सांगितलं. समुद्र घरून दिसतोच की, ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

श्वास सोडायचा व्यायाम मी तिच्याबरोबर करायला बसले. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि बाई आपली निवांत श्वास सोडतेच आहे! दमाची कसली बोंब? मग मी तिला बसल्या जागी ‘कबड्डी’ म्हणायला सांगितलं. तिचे ओठ हलले, पण मला पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. मोठ्यानं म्हण म्हटलं, तर तिनं आधी दाराकडे पाहिलं.

“मॅडम, घरी आवाज खाली ठेवायची सवय लावतायत,” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. दिवाळीत पाहुणे बघायला आले होते. उरणकडची, चार ट्रक बाळगून असलेली मंडळी. मुलीचे नाक-डोळे पसंत, पोहे पसंत. मुलाच्या आत्याला तेवढा मुलीचा आवाज मोठा वाटला. त्या दिवसापासून घरी शिकवणी सुरू झाली. फोनवर हळू, हसताना हळू, आणि ती जरा चढ्या आवाजात बोलली की आई ओठांवर बोट ठेवायची. पोरगी गुणाची, ती मैदानावरही हळूच बोलायला लागली. पंचांना ऐकू येईना, त्यांनी दम तुटला असं समजून शिट्टी मारली. आणि आम्ही सगळे शहाणे तिची फुप्फुसं तपासत बसलो.

मला असा संताप आला, की त्या आत्याबाईंना आणून भाल्यांशेजारी उभं करावं. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दार लावून तिला ओरडायला लावलं. पहिल्याच दिवशी प्राचार्य धावत आले, मारामारी कुठे चालली आहे विचारत. मी म्हटलं, मन मोकळं करणं चालू आहे, चपला बाहेर काढून या.

माणगावला तिनं असा दम घातला, की मैदानाबाहेरचा वडापाववाला कढई सोडून बघायला आला. ती तिघींना बाद करून परतली आणि तिची निवड झाली. नेमकं त्याच दिवशी मुलाकडची मंडळी सूनबाईचा खेळ बघायला आली होती. त्यांनी खेळ पाहिला, आवाज ऐकला, आणि संध्याकाळी फोनवर लग्न मोडलं. क्रीडाशिक्षकांनी माझं अभिनंदन केलं, आणि तुमच्या वेलनेसनं पोरीचं वाटोळं केलं, हेही त्याच दमात सांगितलं.

दोन दिवसांनी तिची आई माझ्या खोलीत आली. आता ही मला धुऊन काढणार, म्हणून मी चार समजुतीची वाक्यं जुळवून बसले होते. ती मॅटवर टेकली, पदराचं टोक पिळत राहिली आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी पंखा बंद करून पुन्हा विचारलं, तरी कळेना. शेवटी तिच्या अगदी तोंडाशी कान नेला.

“माजा पन आवाज मोठाच व्हता, मॅडम.”