कॉम्प्युटरपुढं फोडलेला नारळ

हा घोळ ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता. म्हणून तुमच्या हातात कप असेल तर आधी खाली ठेवा. मी सावकाश बोलणारा माणूस आहे, मला घाई नाही.

मी बोलतो सावकाश, पण गाडी कधीच सावकाश चालवली नाही. जन्मभर सोलापुरात सुताच्या गाठी वाहणारा टेम्पो हाकला. सूत पोचायला उशीर झाला की माग थांबायचे आणि मालकाचं तोंड सुटायचं. त्यामुळं अॅक्सिलरेटरवरचा पाय जड झाला तो झालाच. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण स्टिअरिंगवर.

टेम्पो सुटला आणि मुलगा विलास नोकरीला पुण्यात गेला, तेव्हा त्यानं आपली जुनी कार माझ्याकडं ठेवली. आमची लेक शोभा करमाळ्यात दिलेली. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कंबरेला एसटीचे धक्के सोसत नाहीत. म्हणून दर महिन्याला मी हिला कारनं लेकीकडं नेतो. मागच्या सीटवर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, पुढं ही, आणि वरची कडी धरलेला हिचा हात. वाटभर “हळू, अवो हळू” चाललेलं असतं. तरी सगळा महिना ही त्याच एका दिवसाकडं डोळे लावून असते.

पण गाडी पेट्रोल प्यायची ती उन्हातून आलेल्या म्हशीसारखी. लिटरला अकरा किलोमीटर. एके दिवशी विलासचा फोन आला.

“तात्या, ह्या गाडीला पेट्रोल घालून परवडंना. दिवाळीला आलो की विकून टाकू.”

“आन तुझी आई करमाळ्याला कशी जाईल?”

“शोभाला हिकडं बोलवा की.”

शोभाची सासू अंथरुणाला खिळलेली, ती कुठून येणार? मी मागं वळून पाहिलं. ही शेंगा निवडत बसली होती आणि तिचा हात सुपातच थांबला होता. मी तिथंच ठरवलं, दिवाळीच्या आत गाडीचं अॅव्हरेज वाढवायचं. काय वाटेल ते झालं तरी गाडी जाऊ द्यायची नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाला रफिक मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं माझ्याच गाडीच्या पुढच्या पिढीची गाडी दुरुस्तीला आली होती. नाव तेच, इंजिन तेच. मालक सांगत होता, लिटरला सोळा देते.

“रफिक, इंजिन एकच, मग हिला सोळा आन माझीला अकरा कसं?”

“इंजिन वहीच हाय तात्या, दिमाग नया. हिच्यातला कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतोय. तुमचा जुना, सढळ हाताचा.”

“मग नवा बसव की माझ्या गाडीत.”

“असं कुटं असतंय का? एकाचं डोस्कं दुसऱ्याच्या धडाला?”

“गणपतीला बसलं की.”

रफिक हसला. तरी तयार होईना. मग मी रोज सकाळी त्याच्या गॅरेजातल्या स्टुलावर जाऊन बसू लागलो. भांडलो नाही, काही नाही. नुसता बसायचो आणि त्याच्याकडं बघायचो. शेवटी तो म्हणाला, “तुम्ही आना कॉम्प्युटर, मी बसवतो. पर उठा आता, गिऱ्हाईक घाबरतंय.”

अपघातात चेंबलेल्या गाड्या तोडणाऱ्या एका भंगारवाल्याकडं तो मला मिळाला. बटाट्याच्या काचऱ्यांच्या डब्याएवढी चपटी पेटी. इंजिनाजवळ, बॅटरीला लागून तिची जागा. बसवली तर गाडी सुरूच होईना. नव्या कॉम्प्युटरला माझी चावी ओळखू येत नव्हती. रफिकनं लॅपटॉपवाला एक ओळखीचा माणूस बोलावून ती ओळख करून दिली. गाडी सुरू झाली. फक्त जुन्या जागेत नवी पेटी नीट बसली नव्हती, वायरी जोडल्या होत्या तिथं फट राहिली होती.

“हितं रबर बसवायला पायजे,” रफिक म्हणाला. “दोन दिसांत आणतो. तवर गाडी फिरवा, पर एक थेंब पानी लागू देऊ नका.”

आता पाण्याबाबत मी किती जपलं ते ऐका. गाडी धुतली नाही. हिला अंगणात सडा टाकू दिला नाही. दव पडेल म्हणून बॉनेटवर चांगली चादर घातली. शेजारणीनं तुळशीला पाणी घातलं तर तिला म्हणालो, “बेतानं घाला, शिंतोडं उडत्यात.” ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

आणि मग दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पूजा केली.

का नाही करणार? सोलापुरात नवा माग बसवला तरी आधी नारळ फुटतो. हा तर गाडीचा मेंदू. बॉनेट उघडलं, पेटीला हळद-कुंकू लावलं, सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं आणि नारळ फोडला. थोडं पाणी चाकांवर शिंपडलं. उरलेलं, मनात काही कमी नको म्हणून, पेटीवर घातलं.

नारळाचं पाणी हे पाणी असतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. तुमच्या आलं असतं?

त्या दिवसापासून गाडी बदलली. आधी उधळल्यासारखी पळायची, ती आता चाळीसच्या पुढं जाईना. पाय तळाला टेकवला तरी चाळीस. समोर एक दिवा लागला, पिवळा. मला वाटलं, नव्या कॉम्प्युटरची खूण असेल. मोजून पेट्रोल सोडायचं म्हटल्यावर पळणार कशी? संसारी बाई हात आखडून खर्च करते, तसंच हे. टाकी भरून अॅव्हरेज काढलं तर एकोणीस.

मग मी रफिककडं रबराला गेलोच नाही. चांगलं चाललेलं कशाला उघडायचं? पेटीवरून दुधाची रिकामी पिशवी बांधली आणि गल्लीभर सांगत सुटलो. समोरच्या रिक्षावाल्यालाही म्हणालो, “कॉम्प्युटर बदल.” तो म्हणाला, “तात्या, माझ्या रिक्षात कॉम्प्युटर न्हाय.” म्हटलं, “म्हणूनच मागं राहिलास.”

दिवाळीला विलास आला. एकोणीस ऐकून त्याला पटेना. “चला, करमाळ्याला जाऊन बघू. खरं निघालं तर गाडी ऱ्हाईल.”

हिनं भाकरीची चवड बांधली, शेंगाची चटणी घेतली. निघालो. हायवेला लागलो आणि सगळं जग आम्हाला मागं टाकू लागलं. ट्रक गेले, दुधाचे टेम्पो गेले, दुचाकीवर तिघं बसून गेले.

“तात्या, पाय दाबा की.”

“दाबलाय.”

“आजून दाबा.”

“खाली आता रस्ताच हाय.”

एवढ्यात मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर छताएवढा ऊस, गाणी लावलेली. तो शेजारी आला, बराच वेळ शेजारीच राहिला, आणि हळूहळू पुढं गेला. जाताना ड्रायव्हरनं मला विचारलं, “मामा, टोचन करून देऊ का? दोर हाय.”

विलासनं मोहोळात गाडी थांबवायला लावली आणि रफिकला फोन केला. बिचारा सणाचा मोटारसायकल काढून आला. बॉनेट उघडलं, दुधाची पिशवी सोडली. मग बोटानं फटीतून एक पांढरा तुकडा काढला.

“तात्या, हे खोबरं?”

“प्रसाद हाय.”

“आन हे कुंकू?”

मी पूजेचं सांगितलं. रफिक खाली बसला. “मी पानी लागू देऊ नका म्हनलो होतो की नाही?”

“लागू दिलं न्हाय. नारळाचं होतं.”

विलास गाडीच्या मागं जाऊन हसत होता. रफिकनं समजावलं ते असं: ओल शिरल्यावर कॉम्प्युटरनं घाबरून इंजिनाचा गळा धरला होता, जीव वाचवण्यापुरतं चालू दिलं होतं. “आन एकोणीस कॉम्प्युटरनं न्हाय दिले. चाळीसनं चालवलं तर तुमचा जुना कॉम्प्युटरबी एवढंच देईल.”

म्हणजे मी स्टुलावर बसून जे मिळवलं, ते माझ्या उजव्या पायातच होतं. माझं तोंड उतरलं. आता गाडी जाणार, हे मी धरून चाललो.

तेव्हा ही बोलली. “विलास, इतकी वर्सं मी हळू हळू म्हणून घसा कोरडा केला. आज पयल्यांदा कडी न धरता हितवर आले. जुना बसवा. ह्यांना चाळीसवर ठिवायचं माझ्याकडं लागलं.”

विलास म्हणाला, “आईची जबाबदारी आसंल तर गाडी ऱ्हाऊ दे.”

जुना कॉम्प्युटर परत बसला. अॅव्हरेज अठराच्या खाली आलेलं नाही. करमाळ्याला दर महिन्याला जातो, आणि ही मला वाटेत एकदाही “हळू” म्हणत नाही.

हिच्या मांडीवर एक नारळ असतो. काटा चाळीसच्या पुढं सरकला की ही तो उचलते आणि माझ्या कानाशी हलवून आतलं पाणी ऐकवते.